लेकाला १३व्या वर्षी टाईप २ डायबिटीस, वजन जास्त, आता डॉक्टर म्हणतात हार्टचंही बघून घेऊ. कोणाला अनुभव आहे का?

भांडुपकरीण

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. उंची १५४, वजन ७१. एप्रिलमध्ये त्याच्या मानेमागे काळा पट्टा दिसायला लागला, मला वाटलं मळ आहे, उन्हात खेळतो म्हणून असेल, मी घासून घासून आंघोळ घालायचे आणि तो रडायचा, ते आठवलं की आता माझ्याच जिवाला लागतं. मग मे महिन्यात गावी गेलो तेव्हा रात्री दोन-तीनदा लघवीला उठायचा, पाण्याची बाटली उशाशी घेऊन झोपायचा. परत आल्यावर फॅमिली डॉक्टरांनी शुगर तपासायला सांगितली. उपाशीपोटी शुगर १४८ आणि एचबीएवनसी (म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ७.९. मग मुलांच्या हार्मोनवाल्या डॉक्टरांकडे गेलो, अँटिबॉडीच्या टेस्ट झाल्या, टाईप १ नाही टाईप २ आहे असं निघालं. जूनपासून मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू आहे आणि तीन महिन्यांत एचबीएवनसी ७.१ वर आलं म्हणून आम्ही जरा सुटकेचा श्वास घेतला होता.

गेल्या आठवड्यात फॉलोअपला गेलो तर बीपी १३४/८६. आणि रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३३, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२४. डॉक्टर म्हणाले घाबरू नका पण बीपी अजून दोनदा वेगवेगळ्या दिवशी बघू, लघवीची एक टेस्ट, डोळ्यांची एक, आणि एक टूडी इको करून हार्ट बघून घेऊ. हार्ट शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळाच आला, पुढचं काही ऐकूच आलं नाही. कारण आमच्याकडे मिस्टरांची ४२व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय, दोन स्टेंट आहेत, आणि सासरे ५१व्या वर्षी झोपेतच गेले.

घरात मी एकटीच पळतेय असं झालंय. सासूबाई म्हणतात वाढत्या अंगाचा आहे, उंची वाढली की आपोआप उतरेल, आमच्याकडे सगळे असेच गुबगुबीत होते. त्या प्रेमानेच देतात पण रोज संध्याकाळी क्लासला जाताना वडापावला २० रुपये हातात असतातच. मिस्टर काही बोलत नाहीत, रात्री रिपोर्ट घेऊन बसतात नुसते, मला वाटतं त्यांना वाटतंय आपल्यामुळे झालं. शाळेत कळवलं तर पीटीच्या तासाला त्याला बाकावर बसवायला लागले, चक्कर आली तर जबाबदारी कोणाची म्हणून. आणि बिल्डिंगखाली तो खेळायला जात नाही कारण मुलं नावं ठेवतात, काय नाव ते मी इथे लिहीत नाही.

मला एवढंच कळत नाहीये की त्याच्या हार्टला आधीच काही झालंय का? त्याने धावायचं की नाही? आणि १३ वर्षांच्या पोराला हे सांगायचं कसं, सांगायचं की नाही? शुगर खाली आली म्हणजे हार्ट पण वाचलं असं नसतं का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

अनघा_दहिसर

ताई आधी एक गोष्ट, ती मान घासायची ना, ते सगळ्या आया करतात. मी लेकीला बेसन-हळद लावायचे. तो मळ नसतोच, शरीरात इन्शुलिन खूप वाढलं की तिथली कातडी जाड आणि काळी होते, काखेत पण असते बघा. आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं तर कळणार कसं, ते मनातून काढून टाका.

माझी मुलगी १२ची असताना निघालं, आता १६ची आहे. बीपीबद्दल सांगते कारण आमचा त्यात फार गोंधळ झाला होता. पहिल्यांदा एका दवाखान्यात तिचं बीपी १४२ आलं, मी तिथेच रडायला लागले, तर पुढच्या वेळी दुसऱ्या ठिकाणच्या सिस्टरने तिचा दंड टेपने मोजला आणि म्हणाली अहो हिला मोठा पट्टा लागतो, छोटा पट्टा जाड दंडाला आवळून बांधला की आकडा खोटा वर जातो. मोठ्या पट्ट्याने घेतलं तर १२४. तेही जास्तच होतं तिच्या वयाला पण १४२ नव्हतं. तेव्हा पट्टा बघून घ्या, बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवा, जिना चढून आल्या आल्या घेऊ देऊ नका, पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, आणि त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. आम्ही घरी पण मशीन आणलंय, आठवड्यातून दोनदा वहीत लिहितो.

लघवीची टेस्ट म्हणजे मायक्रोअल्ब्युमिन असेल, सकाळची पहिली लघवी नेली तर चांगलं. किडनीतून बारीक प्रोटीन गळतंय का ते त्यात आधी कळतं, साध्या लघवीच्या तपासणीत तेव्हा काहीच दिसत नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांची जी अवस्था तीच बाकी रक्तवाहिन्यांची असू शकते, म्हणून हार्टवाले पण ती टेस्ट बघतात. डोळ्याच्या वेळी औषध घालून बाहुली मोठी करतात, त्या दिवशी क्लास ठेवू नका, दोन-तीन तास नीट दिसत नाही.

अजून एक, तो घोरतो का? आमच्याकडे बाबा घोरतात म्हणून लेक घोरते याचं कोणाला काही वाटलंच नव्हतं, उलट गाढ झोपलीय म्हणायचे. झोपेत श्वास अडकत होता तिचा. त्यानेसुद्धा बीपी वाढतं आणि दिवसभर मूल पेंगतं, मग शाळेत आळशी म्हणतात. डॉक्टरांना आवर्जून सांगा.

निसर्गप्रेमी_विरार

इतक्या लहान मुलाला इंग्लिश गोळ्या चालू केल्यात हे वाचून वाईट वाटलं. एकदा गोळी लागली की आयुष्यभर सुटत नाही आणि किडनीवर परिणाम होतो. माझ्या मेहुण्याची शुगर रोज सकाळी कारल्याचा रस आणि मेथीचं पाणी घेऊन नॉर्मल झाली, गोळी पूर्ण बंद. आधी तीन महिने हे करून बघा. वजन उतरलं की सगळं जागेवर येतं.

जुना_बालरोगवाला

भांडुपकरीण ताई, चाळीस वर्षं मुलं तपासली, आता दादरला घरीच असतो. माझा सल्ला म्हणजे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नव्हे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

तुमची झोप ज्या प्रश्नाने उडालीय तो आधी घेतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मुलाचं हृदय बिघडलंय असा अर्थ अजिबात निघत नाही. टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सुई नाही, दुखत नाही. बीपी बराच काळ जास्त राहिलं तर हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, तशी ती झालीय का एवढंच मुख्यतः त्यात बघायचं असतं. तेराव्या वर्षी या आजारातून हार्ट अटॅक येणं फार फार दुर्मिळ. आपण काळजी करतोय ती त्याच्या तिशी-चाळिशीची, आणि तुमच्या घरचा इतिहास बघता ती आत्ताच करायला हवी.

कारण रक्तवाहिन्यांचं काम फार लवकर सुरू होतं. १९५३ साली कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी छापून आली होती. सरासरी वय २२, सगळी धडधाकट पोरं, आणि १०० पैकी ७७ जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. तोवर डॉक्टर लोक याला म्हातारपणाचा आजार समजत होते. पुढे १९७०च्या दशकात त्याच देशात लुइझियानातल्या बोगालुसा गावात शाळकरी मुलांचा अभ्यास सुरू झाला, त्यातली जी मुलं-तरुण अपघातात वगैरे दगावली त्यांच्या शवविच्छेदनात दिसलं की वजन, बीपी, कोलेस्टेरॉल यातल्या जितक्या गोष्टी एकाच मुलात जास्त, तितके रक्तवाहिन्यांत चरबीचे थर जास्त. तुमच्या मुलात त्या एकत्र आल्यात म्हणून डॉक्टरांनी हार्ट शब्द काढला, शुगरच्या एका आकड्यावरून नाही.

आता शुगर खाली आली म्हणजे हार्ट वाचलं का? नाही, निदान तेवढ्याने नाही. पोटाच्या आतली चरबी वाढली की शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. लिव्हर जास्तीची चरबी रक्तात ढकलतं, ते तुमचे २१० ट्रायग्लिसराईड, आणि त्याच्या जोडीने चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, तो ३३चा आकडा. किडनी मीठ धरून ठेवते, बीपी चढतं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर रोज यातून जातं आणि ती हळूहळू कडक होते, गच्चीवर उन्हात पडलेला पाण्याचा पाईप होतो ना तशी. गोळीने शुगर खाली आली तरी यातलं बरंचसं मागे चालूच राहू शकतं. म्हणून शुगर, बीपी, लिपिड म्हणजे रक्तातली चरबी, आणि लघवी या चारांवर सारखीच नजर लागते. या मुलांत एलडीएल १००च्या आत, ट्रायग्लिसराईड १५०च्या आत आणि एचडीएल ३५च्या वर असावं असं आम्ही धरतो. बीपी दर भेटीला, बाकीचं वर्षातून एकदा तरी, लिव्हरची तपासणीसुद्धा. आणि तेराव्या वर्षापासून १३०/८० ही मोठ्या माणसांचीच रेषा लागू होते, त्यामुळे १३४/८६ हे 'लहान आहे, थोडं इकडेतिकडे चालतं' म्हणून सोडायचं नाही. पण अनघाताई म्हणतात तसं तीन वेगवेगळ्या दिवशी, योग्य पट्ट्याने.

निसर्गप्रेमी, तुम्ही आपुलकीने लिहिलंत हे कळतं, पण इथे मी स्पष्ट बोलणार. मेहुण्याचा डायबिटीस आणि १३ वर्षांच्या मुलाचा डायबिटीस सारखा वागत नाही, मुलांमध्ये तो जास्त वेगाने जातो. अमेरिकेत टूडे नावाचा मोठा अभ्यास झाला, १० ते १७ वयाची ६९९ मुलं, सगळी टाईप २वाली, सगळी वजनदार. नुसती मेटफॉर्मिन दिलेल्या गटात निम्म्या मुलांना ती पुरली नाही. त्यातल्याच ५००जणांना पुढे बघत राहिले, सरासरी २६ वर्षांची झाली तोवर साधारण दोन तृतीयांश मुलांना बीपी, निम्म्याहून जास्त जणांना किडनीचा त्रास, आणि निम्म्यांचं कोलेस्टेरॉल बिघडलेलं. २०२१ साली हे आकडे आले तेव्हा मी प्रॅक्टिस थांबवली होती, तरी ते वाचून माझे काही जुने पेशंट डोळ्यांसमोर आले. अशा आजारात औषध बंद करून तीन महिने बघू म्हणणं मला मान्य नाही. कारल्याची भाजी करा, मेथी पिठात मळा, गोळी चालू ठेवून. पण लेबल नसलेली कुठलीही पावडर नको. आणि मेटफॉर्मिनने किडनी बिघडत नाही, किडनी सांभाळायची असेल तर शुगर आणि बीपी धरून ठेवणं हाच रस्ता आहे. उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, खूप तहान आणि मूल मलूल, असं काही दिसलं तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न बघता इमर्जन्सीला.

ताई, आता दुसरी बाजू. हे ऐकलं नाहीत तर वरचं सगळं उगाच भीती घालण्यासारखं होईल. २०११ साली चार जुन्या अभ्यासांची माहिती एकत्र करून ६३२८ लोकांचं लहानपण आणि मोठेपण ताडून बघितलं होतं. लहानपणी वजनदार असलेली पण मोठेपणी लठ्ठ न राहिलेली जी माणसं, त्यांचा बीपी-डायबिटीस-कोलेस्टेरॉलचा धोका कधीच जास्त वजन नसलेल्यांच्या जवळपास आला होता. ती डायबिटीसची मुलं नव्हती म्हणून तुमच्या लेकाला जसंच्या तसं लावत नाही, पण रक्तवाहिन्यांना तरुणपणी दिलेली सवलत वाया जात नाही एवढं त्यातून नक्की घ्या. आणि त्याची उंची अजून वाढतेय, हे तुमच्या हातातलं मोठं भांडवल. सहा महिने वजन ७१वरच राहिलं आणि उंची चार सेंटीमीटर वाढली तरी तो जिंकला. पाच-दहा किलो उतरवायच्या गोष्टी त्याच्यासमोर काढू नका.

सासूबाईंना सांगा, 'गुबगुबीत' दिसतं ते प्रकरण आपल्याकडे फसवं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की आपल्याकडची बाळं जन्मतःच किरकोळ दिसतात पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. म्हणूनच आपल्या बालरोग संघटनेच्या २०१५च्या तक्त्यांत वजन जास्त ठरवायची रेषा मोठ्यांच्या २३ बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) आणि लठ्ठपणाची २७शी जोडलीय, गोऱ्यांसारखी २५ आणि ३०शी नाही. तुमच्या मुलाचा बीएमआय ३०ला टेकलाय.

विक्रोळी_९८

डॉक्टरकाकांनी सगळं लिहिलंय, मी दुसरी बाजू सांगतो, त्या पोराची. मी तोच आहे.

१५व्या वर्षी निघाला, वजन ९२. टाईप २. मला आठवतंय घरात त्या दिवसापासून माझ्या ताटाकडे सगळे बघायला लागले. सगळ्यांच्या पानात बटाट्याची भाजी आणि पुरी, माझ्या पानात दुधी. मावशी यायची तर पहिला प्रश्न वजन किती झालं. लग्नात रांगेत उभा राहिलो की मागून कोणीतरी म्हणणार अरे तुला चालतं का रे हे. मग मी काय केलं, घरी दुधी खायचो आणि स्टेशनबाहेर उभा राहून दोन वडापाव, कोल्ड्रिंक. त्या ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते हे मला फार नंतर कळलं. सहा-सात चमचे. एका दमात.

१८ पूर्ण झालं आणि मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, मी गेलोच नाही. चार वर्षं. कारण वजनकाट्यावर उभं राहायची लाज वाटायची, दुसरं काही कारण नव्हतं. घरी सांगायचो सगळं नॉर्मल आहे. २२व्या वर्षी नोकरीच्या मेडिकलला बीपी १५६/१०० आणि लघवीत प्रोटीन. काही दुखत नव्हतं मला, हे मुद्दाम लिहितो, काहीही दुखत नव्हतं, मी लोकलला लटकून जात होतो रोज.

आता २७ आहे. बीपीची गोळी आहे, ती किडनीलाही जपते म्हणाले, कोलेस्टेरॉलची आहे, शुगरच्या दोन आहेत. वजन ८१. इको चांगला आहे, प्रोटीन कमी झालंय. ठीक चाललंय माझं. पण ती चार वर्षं मला परत पाहिजेत काकू, आणि ती मी खाण्यामुळे नाही घालवली, लाजेमुळे घालवली.

म्हणून तुम्ही विचारलंत सांगायचं की नाही तर सांगा, त्याला तेरा वर्षं आहेत, तो घरातले चेहरे वाचतोय. पण असं सांगा की तुझी चूक नाही, हे बाबांकडून आजोबांकडून आलंय थोडं आणि आपण सगळ्यांनी मिळून खाणं बदलायचंय. ताट सगळ्यांचं एक करा. काकांनी म्हणजे त्याच्या बाबांनी त्याच्याशी बोलायला पाहिजे, त्यांच्या छातीत दोन स्टेंट आहेत, त्यांच्याइतकं खरं कोणी बोलू शकणार नाही. माझ्या बाबांना पण डायबिटीस होता, ते माझ्याशी यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. मी वाट बघत होतो.

आणि अजून दोन वर्षांनी मित्र सिगरेट पुढे करतील. या आजारात ती किती वाईट हे त्याला आत्ताच कोणीतरी नीट बसून सांगा.

पीटीचे_सर_नायगाव

बाकावर बसवतात हे वाचून राहवलं नाही. ताई, डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या की मूल व्यायाम करू शकतं आणि करायलाच हवा, आणि शाळेत मुख्याध्यापकांना लेखी द्या. शाळा घाबरते कारण डायबिटीस म्हटलं की त्यांना इन्शुलिनवालं मूल आणि शुगर खाली जाऊन चक्कर एवढंच माहीत असतं. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्या मुलाची शुगर तशी धोकादायक खाली सहसा जात नाही, हेही चिठ्ठीत लिहून घ्या. बीपीचं काय ते डॉक्टरांना विचारून, पण या आकड्याला मुलाला बसवून ठेवलंय असं मी तरी पाहिलं नाही.

दिवसाला तासभर घाम येईल अशी हालचाल हवी म्हणतात. मुंबईत ते कुठून आणायचं हा खरा प्रश्न. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की खाली सगळं पार्किंग, शाळा सुटली की क्लास, आणि पावसाचे चार महिने मैदान म्हणजे चिखल. मी माझ्या वजनदार मुलांना धावायला कधीच आधी लावत नाही. गुडघे दुखतात, शेवटी येतात, बाकीचे हसतात, दुसऱ्या दिवशी गैरहजर. त्यांना कबड्डीत घेतो. वजनदार मुलगा कोपऱ्यात उभा राहून चढाईवाल्याला धरतो ना, तेव्हा अख्खी टीम त्याच्या नावाने ओरडते. रस्सीखेच, गोळाफेक, पोहणं, जिथे त्याचं अंग त्याच्या बाजूने असतं तिथून सुरुवात करा. पोहणं सगळ्यात उत्तम, दादरच्या शिवाजी पार्कला महापालिकेचा तलाव आहे, तुमच्या बाजूला कुठला जवळ पडतो ते बघा.

शाळेच्या कँटीनचंही विचारा. २०२०च्या फूड सेफ्टीच्या नियमांप्रमाणे जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायला बंदी आहे. पालकसभेत एक बाई बोलली तर कोणी ऐकत नाही, चार जणी मिळून बोला. आमच्याकडे असंच चिप्स बंद होऊन उकडलेले चणे आणि शेंगा आल्या, पहिले पंधरा दिवस कोणी घेतले नाहीत, आता मधल्या सुट्टीत संपतात.

अनघा_दहिसर

विक्रोळी_९८, तुझं लेकीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही पण फोन माझ्याकडून घेऊन परत वाचला तिने.

ताई, खाण्याचं थोडं लिहिते, आमचं काय चाललं ते. आम्ही काही बंद नाही केलं, आधी पिण्याचं बदललं. कोल्ड्रिंक, पॅकेटचे ज्यूस, दुधातली चॉकलेट पावडर घरात आणायचीच नाही, कोणासाठीच नाही. ताक, लिंबूपाणी मीठ-साखर न घालता, साधं दूध. मग चहाबरोबरची खारी-बटर गेली, त्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे. डब्यात दोन पोळ्या पण भाजी दुप्पट, मटकी चवळी मूग आलटून पालटून, शनिवारी धिरडी. भात आहे, वाटीने मोजून. अंडी, मासे आहेत, पण तळलेले बोंबील-सुरमई आता महिन्यातून एकदा, एरवी कालवण नाहीतर तव्यावर चमचाभर तेलात. आणि मीठ! बीपी असलेल्या मुलाला पापड, लोणचं, फरसाण, इन्स्टंट नूडल्सचा मसाला, हे सगळं मीठच आहे. साखरेच्या नादात आपण मीठ विसरतो.

आजींशी भांडू नका. आमच्या सासूबाईंना मी डॉक्टरांकडेच घेऊन गेले, त्यांनी त्यांच्या कानाने ऐकलं. आता त्याच नाचणीची आंबील करून देतात, आणि हाताने देण्याचं सुख त्यांना मिळतं.

भांडुपकरीण

सगळ्यांचे खूप खूप आभार. कालपासून चार वेळा वाचलं, मिस्टरांनाही दिलं. डॉक्टरकाका एकच विचारते, कोलेस्टेरॉलची गोळी इतक्या लहानपणी देतात का, सांगतील का आम्हाला? आणि गणपतीत त्याने मोदक खाल्ले चार, ते रिपोर्टच्या आधी दोन दिवस, त्यामुळे ट्रायग्लिसराईड वाढलं असेल का?

जुना_बालरोगवाला

स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी दहा वर्षांच्या पुढे देता येते, पण आधी सहा महिने खाणं आणि हालचाल सुधारून बघतात आणि तरीही एलडीएल १३०च्या वर राहिलं तर विचार करतात. तुमचं १२४ आहे, तेव्हा बहुधा लगेच नाही सांगणार. ट्रायग्लिसराईड मात्र खाण्याने आणि शुगर सुधारण्याने बऱ्यापैकी खाली येतं, तो आकडा तुमच्या हातातला आहे. रक्त उपाशीपोटी दिलं होतं ना ते बघा, नसेल तर पुन्हा तपासणी करताना रात्रीचं जेवण झाल्यावर दहा-बारा तास फक्त पाणी. दोन दिवसांपूर्वीच्या चार मोदकांनी २१० होत नाही. पुढच्या वर्षी दोन खाऊ द्या आणि आरतीला नाचू द्या.

भांडुपकरीण

उशिरा लिहितेय, पंधरा दिवस धावपळ होती. इको झाला, नॉर्मल आहे, भिंत जाड नाही. त्या खोलीत तो आडवा होता आणि स्क्रीनवर हलणारं हार्ट बघून म्हणाला आई हे सारखं चालूच असतं का. मी बाहेर येऊन रडले. डोळेही ठीक. लघवीत किंचित जास्त आलंय, पण ते तीन महिन्यांत पुन्हा करायचंय, एका वेळेवरून ठरवत नाहीत म्हणाले. आणि हो, घोरतो, अनघाताई तुम्ही विचारलंत म्हणून मी रात्री जागून बघितलं, मधेच श्वास थांबून दचकतो. डॉक्टरांना सांगितलं, झोपेची तपासणी लिहून दिलीय.

मिस्टर बोलले त्याच्याशी. मी नव्हते तिथे, गॅलरीत बसले होते दोघं बराच वेळ. काय बोलले ते मी विचारलं नाही. पण गेल्या रविवारी सकाळी सहाला दोघं पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला चालायला गेले, खाडीपर्यंत जाऊन आले, तिथे मिस्टरांना दम लागला म्हणून हाच थांबला त्यांच्यासाठी. या रविवारी सासूबाई म्हणाल्या मीही येते, कोपऱ्यापर्यंत. वडापावचे वीस रुपये अजून पूर्ण बंद नाहीत, आठवड्यातून एकदा ठरलाय, सगळ्यांनी मिळून खायचा, घरी आणून.

पीटीचे सर, चिठ्ठी दिली शाळेत. अजून बसवतातच, सोमवारी मुख्याध्यापकांना भेटायचंय, तुमचा चक्कर येत नाही वाला मुद्दा डॉक्टरांकडून लिहून घेतलाय. विक्रोळी_९८, तुला काकूकडून खूप आशीर्वाद रे, तुझ्या गोळ्या वेळेवर घे.

बीपीची दुसरी वेळ झाली, १३०/८२. तिसरी उद्या सकाळी दहाला आहे. पट्टा मोठा मागून घेणार आहे आणि आधी पाच मिनिटं गप्प बसणार आहोत दोघंही.